गाडीला पाजलेला चहा

माझ्या खानावळीची मागची भिंत एका फळीची होती. पुढे चुलीवर मटणाचं सूप उकळत असायचं आणि मागच्या अंगणात ड्रायव्हर लोक काय बोलतात ते सगळं मला ऐकू यायचं. मी कान लावून बसायचे असं नाही, फळीच तशी होती. त्या हिवाळ्यात त्सगान सार तोंडावर आला होता, म्हणजे आम्हा मंगोलांचं नवं वर्ष, आणि मी सणासाठी बूझ वळत बसले होते. एका हातात पारी, दुसऱ्या हातात मटणाचा खिमा. तेवढ्यात मागे भांडण सुरू झालं.

“माझ्या आईचे पाय बघितलेस?” हा गोंबो. घोडे पाळायचा, हिवाळ्यात डोंगरापलीकडे राहायचा.

“बघितले. तुझ्यामुळेच झालं ते.” हा झुंदुई, गोंबोच्या बहिणीचा नवरा. गावातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून गावात माणसं नेणारा आमचा ड्रायव्हर.

“माझ्यामुळे? गाडी तू चालवत होतास.”

“गाडी मी चालवत होतो, पण शेगडी तुझी होती. सडकी शेगडी गळ्यात मारलीस माझ्या. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यालाही सोडलं नाहीस.”

“शेगडीतली जाळी मी नवी बसवून दिली होती. तांब्याची. या हातांनी.”

“तांब्याची म्हणे. शेणाची असेल.”

अंगणातले दोघंतिघं हसले. गोंबोचा आवाज मात्र खाली आला.

“जावईबापू, तू ती उघडून बघितलीस?”

“उघडायची गरज काय? गार पडली ती पडली.”

“मग सगळ्यांसमोर नीट सांग. माझी शेगडी सडकी होती?”

फळीच्या अलीकडे मी थांबले, पारी हातातच राहिली.

“सडकी होती,” तो म्हणाला. आणि हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की पुढच्या बाकावरची गिऱ्हाइकं सूप प्यायची थांबली.

“ठीक,” गोंबो म्हणाला. “तुझ्या घरात आता माझं पाऊल नाही.” घोड्यावर बसला आणि गेला.

आता खरं काय झालं होतं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही आमच्या गावासारखे गोंबोला नावं ठेवत बसाल. मला स्वतःला ते कळायला कितीतरी हिवाळे जावे लागले.

गाडीतल्या हीटरला आम्ही शेगडीच म्हणतो. इंजिनाचं उकळतं पाणी रबरी नळीतून एका छोट्या जाळीत येतं, जाळीच्या नळ्या काडीएवढ्या बारीक, त्यावरून पंखा वारा फेकतो आणि तो ऊन वारा बसणाऱ्याच्या पायांवर येतो. एवढंच यंत्र. पण आमच्या थंडीत ते चाललं तर पाय तुमचे, नाही चाललं तर सांगता येत नाही. झुंदुईची गाडी म्हणजे जुनी रशियन जीप, वर कापडाचं छप्पर. तिच्यात शेगडी नसेल तर माणूस उघड्यावर बसल्यासारखाच. जीप आधी गोंबोची. झुंदुईनं घोडे आणि एक चांगला उंट देऊन ती त्याच्याकडून घेतली, आणि उन्हाळाभर मेहुण्याचं कौतुक करत फिरला.

हिवाळ्यात तो जिल्ह्याच्या गावाहून सासूला घेऊन निघाला. दुलमा तिचं नाव, माझी जुनी मैत्रीण. दात काढून घ्यायला गेली होती. ती पुढे बसलेली, मागे एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन. शारगा खिंडीच्या तोंडाशी नळीची पकड ढिली झाली आणि पाणी गळून गेलं. झुंदुई उतरला, बॉनेट उघडलं, पकड आवळली. आता पाणी हवं. पाण्याचा डबा मागे ठेवलेला, तो गोठून दगड झालेला. त्या खिंडीत वारा बर्फ टिकू देत नाही, नुसती खडी. इंजिन गार होत चाललं, आणि एकदा ते गार पडलं की त्या माळावर कोण येणार होतं?

त्याच्याजवळ थर्मास होते. दोन मोठे चिनी थर्मास, जिल्ह्याच्या गावात भरून घेतलेले, सगळ्यांसाठी. चहा. आमचा चहा म्हणजे दूध आणि मीठ घातलेला, वर लोण्याचा तवंग. उघडलेल्या बॉनेटच्या आड उभं राहून त्यानं तो रेडिएटरमध्ये ओतला. दोन्ही थर्मास. आत बसलेल्यांना बॉनेटशिवाय काही दिसत नव्हतं.

इथवर मी त्याला दोष देत नाही. गाडी चालू झाली, माणसं जिवंत घरी आली. दुसऱ्या कुणी हेच केलं असतं आणि घरी येऊन फुशारकीनं सांगितलं असतं.

पण खिंड उतरेस्तोवर दूध फाटलं. मिठासकट त्याचा चोथा जाळीच्या बारीक नळ्यांत जाऊन बसला आणि शेगडी गार पडली. दुलमा म्हणाली, “जावईबापू, पाय गारठले.” तो म्हणाला, “तुमच्या मुलाची शेगडी सडकी निघाली, आई.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “मग घोटभर चहा तरी दे.” तो म्हणाला, “सांडला.”

सडकी आणि सांडला, हे ते दोन शब्द. एकाला एक लागून आले. पहिला बोलला नसता तर दुसरा बोलावा लागला नसता, असं तो पुढे म्हणायचा. दुलमाच्या डाव्या पायाची बोटं काळी पडली, दोन कापावी लागली. ती काठी घेऊन चालायला लागली. तान्ही मुलगी आईच्या कोटाच्या आत होती, तिला काही झालं नाही.

गाडी माझ्या दारात थांबली तेव्हा मीच दुलमाला उतरवून आत घेतलं. गाडीत जळक्या दुधाचा वास येत होता. मी म्हटलं, मुलीनं ओकलं असेल.

पुढे गावानं जे करायचं ते केलं. गोंबो दिसला की कुणीतरी विचारायचं, “काय गोंबो, शेगडी आहे का विकायला?” त्याचे घोडे विकत घेताना लोक दात दोनदा बघायला लागले. आईला गाडीत गोठवणारा मुलगा, असं बायका पाण्याच्या टाकीपाशी बोलायच्या. गोंबो भांडायला आला नाही. त्यानं हिवाळी तळ आणखी लांब नेला आणि गावात येणं कमी केलं.

आणि झुंदुई? तो आधी बडबड्या माणूस. खिंड चढताना गोष्ट सुरू करायचा आणि खिंड उतरली तरी ती संपायची नाही. तो गप्प झाला. लोकांना वाटलं, सासूचं दुःख.

वसंतात त्यानं शेगडी बदलायला काढली. उलानबातरहून नवी जाळी मागवली. एरवी गाडीचं काम निघालं की आमच्याकडे निम्मं गाव भोवती जमतं, एक हात काळे करतो आणि दहा जण अक्कल शिकवतात. झुंदुईनं कुंपणाचं दार आतून लावून घेतलं. पाणी काढलं, पुढची पत्र्याची पेटी खोलली, दोन नळ्या सोडवल्या आणि जाळी ओढून बाहेर काढली. तिला दगडावर आपटली. आतून पिवळट पांढरे खडे पडले. आम्ही उन्हात वाळवतो त्या दह्याच्या वड्यांसारखे. आरूल.

त्याची बायको हंदसुरेन तेव्हा दूध तापवून बाहेर आली होती. तिनं एक खडा उचलला, नाकाशी नेला.

“हे काय?”

त्यानं जाळी पुन्हा दगडावर आपटली.

“आरूल कुठून आलं गाडीत?”

“चहा ओतला होता.”

“कधी?”

कधी ते तिला कळलंच होतं. तरी तिनं त्याच्या तोंडून वदवून घेतलं. मग म्हणाली, “दादाला सांग.”

“सांगतो.”

“आईलाही सांग.”

“सांगतो म्हटलं ना.”

हंदसुरेन आरडाओरडा करणारी बाई नाही. मी तिला लहानपणापासून ओळखते, ती रागावली की राग नीट घडी घालून ठेवते. त्या दिवसापासून तिनं नवऱ्याच्या चहात दूध घालणं बंद केलं. काळा चहा, मीठ टाकलेला, समोर ठेवायची. पाहुणे असले तरी सगळ्यांना दुधाचा आणि त्याला काळा. कुणी विचारलं तर झुंदुई म्हणायचा, “पोटाला सोसत नाही.” ती म्हणायची, “हो, यांचं दूध गाडीला लागतं,” आणि लोक हसायचे, कारण रोज सकाळी तो निघाला की प्रवास सुखरूप व्हावा म्हणून ती पळीनं चाकांवर आणि वाटेवर दूध शिंपडायची. ते तिनं एक दिवसही चुकवलं नाही. नवऱ्यावर राग होता, प्रवासाशी वैर नव्हतं.

“सांगितलंस का?” ती विचारायची.

“त्सगान सारला सांगतो.”

त्सगान सार येऊन जायचा. पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला भेटायला जायचंच असतं, म्हणजे दुलमाकडे. गोंबो पहाटे येऊन जायचा आणि झुंदुई दुपारी. मेहुण्याचा घोडा दिसेनासा झाल्याशिवाय तो घरातून निघत नसे. मी समोर राहते, मला दिसायचं. मला वाटायचं, राग धरून आहे. माणूस लाजेनंही तेवढाच वेळ दाराआड उभा राहतो, हे मला काय माहीत.

तोवर त्याला एक नाद लागला होता. शरद लागला की तो गावातली एकेक गाडी बघायचा. नळ्या दाबून बघायचा, पकडी बदलायचा, जाळीत गरम पाणी उलटं सोडून गाळ काढायचा. आमचे ड्रायव्हर तेव्हा रात्री गाडीतलं पाणी काढून ठेवायचे, नाहीतर सकाळपर्यंत इंजिन फुटायचं. घाईत ते शेगडीची तोटी उघडायला विसरायचे, आणि मग जाळीत अडकलेलं पाणी गोठून तिला चिरायचं. झुंदुई दारोदार जाऊन सांगायचा, “तोटी उघडी ठेवून काढा. आतलं पाणी आपोआप येत नाही.” कामाचं काही घ्यायचा नाही. घरच्यांनी चीज दिलं तर ठेवून निघायचा. लोक म्हणायचे, सासूच्या पायांनी माणूस बदलला, केवढं मोठं मन. मी पण म्हणाले एकदा, तोंडावर. तो माझ्यासमोर काळा चहा पीत बसला होता.

“मावशी,” तो म्हणाला, “मला चांगला म्हणू नका.”

“का रे? चांगल्याला काय वाईट म्हणू?”

“नका म्हणू एवढंच.” त्यानं पेला अर्धा ठेवला आणि उठून गेला. मला वाटलं, चहा कडू झाला असेल.

मग तो त्सगान सार आला ज्याच्या आदल्या दिवशी वादळ सुटलं. गोंबो पहाटे पोचू शकला नाही. सकाळी उशिरा पोचला, मिशांना बर्फ लागलेला. दुलमाच्या लोकरीच्या नमद्याच्या गोल घरात आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो, मी, शेजारणी, हंदसुरेन, त्या दिवशी अंगणात हसलेल्यांपैकीही काही जण. ताटात मेंढीची अख्खी पाठ, बूझची परात मघाच फिरून गेलेली. गोंबो आईला भेटून डाव्या हाताला बसला. आणि दार उघडून झुंदुई आत आला. त्यानं घोडा बघितलाच नव्हता, वादळात तो घराच्या मागे बांधला होता.

परत फिरणं शक्य नव्हतं. सणाच्या दिवशी दारातून कोण परत फिरतं? तो सासूच्या पुढे वाकला, तिच्या कोपरांखाली हात धरून भेटला. मग वयाप्रमाणे गोंबोला भेटायला हवं होतं. गोंबोनं तपकिरीची बाटली काढली आणि तिच्याकडे असं बघत बसला की जणू आत्ताच विकत घेतली.

झुंदुई उभाच. घरात एवढी शांतता की शेगडीत, खऱ्या शेगडीत, गोवऱ्या तडकताना ऐकू येत होतं. मग तो बसायला म्हणून पुढे सरकला आणि त्याचा बूट गोंबोच्या बुटावर पडला.

आमच्याकडे पायाला पाय लागला की लगेच हात मिळवतात. तिथल्या तिथे. वैरी असो, सरकारी साहेब असो, रस्त्यातला दारुडा असो. न मिळवता गेलात तर पुढे दोघांत वितुष्ट येतं म्हणतात. आता त्या दोघांत आणखी काय यायचं राहिलं होतं, पण सवय ती सवय. गोंबोचा हात आपोआप वर आला.

तो पाय चुकून पडला असं अजूनही काही जण म्हणतात. मी खाली बसले होते, माझ्या डोळ्यांसमोर ते बूट होते. जागा भरपूर होती.

झुंदुईनं हात धरला आणि सोडलाच नाही.

“दादा, चहा होता.”

“काय?”

“शेगडीत. मी चहा ओतला होता. तुझी जाळी चांगली होती.”

गोंबो म्हणाला, “मोठ्यानं बोल. त्या दिवशी मोठ्यानं बोलला होतास.”

झुंदुईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. माणूस पन्नाशीचा, केस पिकलेले. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं. खिंड, गोठलेला डबा, दोन थर्मास, सगळं. सांगताना हात सोडला नाही, गोंबोनंही ओढून घेतला नाही.

दुलमाला कमी ऐकू यायचं. “काय म्हणतोय तो?” तिनं मला विचारलं. मी तोंड उघडलं तर हंदसुरेन म्हणाली, “तुम्ही नका, मावशी. तेच सांगतील.” मग त्याला सासूपुढे गुडघ्यावर बसून तिच्या कानात तिसऱ्यांदा सांगावं लागलं.

“दूध घातलेला चहा?” दुलमानं विचारलं.

“हो, आई.”

“मीठ?”

“हो.”

“लोणी पण असेल.”

“होतं.”

“मग गाडीची चैन झाली म्हणायची,” ती म्हणाली. आणि घरातले सगळे हसले, इतके की परात हलली. एवढी वर्षं कोंडलेलं ते सगळं हसण्यातून बाहेर पडलं. झुंदुईही हसायला लागला होता.

हसू ओसरलं तेव्हा दुलमा आपल्या डाव्या बुटाकडे बघत म्हणाली, “मी मागितला होता तुझ्याकडे. घोटभर.”

त्यावर कुणालाच हसता आलं नाही. झुंदुईची मान खाली गेली ती वर आली नाही. दुलमा त्याला आणखी काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ती तशी दुष्ट नव्हती. तिला फक्त ते माहीत असायला हवं होतं, आणि ते तिला माहीत आहे हे त्यालाही कळायला हवं होतं.

हंदसुरेन उठली, किटली घेतली आणि त्याच्या पेल्यात दुधाचा चहा ओतला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ धरून बसला. प्याला का, मला आठवत नाही. मला वाटतं, तसाच ठेवला.

गोंबो निघताना दारात म्हणाला, “माझ्या नव्या गाडीची शेगडी गळते. वसंतात ये.”

“येतो.”

“थर्मास घरी ठेवून ये.”

दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या गावाला कळलं. गोंबोची कुणी तोंडावर माफी मागितली नाही, आमच्याकडे तशी रीत नाही, पण त्याचे घोडे त्या उन्हाळ्यात भराभर विकले गेले आणि दात कुणी दोनदा बघितले नाहीत. झुंदुईला नाव पडलं, दुधी झुंदुई. जिल्ह्याच्या गावातही ड्रायव्हर त्याला त्याच नावानं हाक मारायचे. “काय दुधी, आज काय पाजलंस गाडीला?” तो उत्तर द्यायचा, “आज उपास आहे तिचा.” हसून द्यायचा. पण हसताना डोळे खाली जायचे, ते शेवटपर्यंत. सांगून टाकलं की माणूस मोकळा होतो म्हणतात. तो खोटेपणातून मोकळा झाला. दुलमा काठी टेकत पाण्याला जाताना दिसली की मात्र तो अजूनही गाडी थांबवून खाली उतरायचा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बॉनेट उघडून उभा राहायचा. बॉनेटला काही झालेलं नसायचं.

त्यानंतर तो प्रवासाला निघताना माझ्याकडून दोन थर्मास भरून घ्यायचा. एकात चहा, दुसऱ्यात नुसतं गरम पाणी. पाण्याच्या थर्मासाला निळी चिंधी बांधलेली. तरी तो दोन्ही झाकणं उघडून वास घ्यायचा. सगळी खानावळ बघत असायची. आधी चहाचा, मग पाण्याचा, मग पुन्हा चहाचा. “पटलं का रे?” मी विचारायचे. “पटलं, मावशी,” तो म्हणायचा. पाणी बॉनेटजवळ ठेवायचा, चहा पुढे बसणाऱ्याच्या मांडीवर द्यायचा आणि सांगायचा, “हा तुमचा. मी मागितला तरी मला देऊ नका.”

दुलमा गेली. गाड्या बदलल्या, जपानी आल्या, पाण्याऐवजी न गोठणारं निळं पाणी आलं, रात्री ते काढायची गरज राहिली नाही. झुंदुईनं जुनी जीप सोडली नाही. गोंबोच्या गाडीची शेगडी मात्र दर शरदात तोच बघायचा. दोघं जास्त बोलायचे नाहीत. एक खाली झोपून नळ्या सोडवायचा, दुसरा वरून बॅटरीचा उजेड धरायचा.

गेल्या शरदात गोंबोचा निरोप आला, जाळी पुन्हा गळते. झुंदुईला तेव्हा छातीचा त्रास होता. हंदसुरेन म्हणाली, दुसरा कुणी जाईल. तो म्हणाला, “माझं काम आहे ते.” सकाळी माझ्याकडे आला. जाळी नमद्याच्या तुकड्यात गुंडाळून आणली होती. मी थर्मास भरले. त्यानं झाकणं उघडली, वास घेतला, चहाचा, पाण्याचा, पुन्हा चहाचा.

“पटलं का रे?”

“पटलं, मावशी.”

हंदसुरेननं चाकांवर दूध शिंपडलं. तो गेला, जाळी बसवली, गोंबोकडे जेवला आणि दिवस मावळायच्या आत परत आला. थर्मास द्यायला आत आला तेव्हा दमलेला होता, पण बसला नाही. चहाचा थर्मास रिकामा होता. कोण प्यायलं, मी विचारलं. वाटेत एक म्हातारी भेटली, तिला सोडलं, तो म्हणाला. पाण्याचा थर्मास तसाच भरलेला. तो त्यानं माझ्या पिंपात ओतला, निळी चिंधी सोडून घडी करून झाकणाखाली ठेवली आणि गाडीतलं पाणी काढायला बाहेर गेला. मी फळीतून ऐकलं. आधी रेडिएटरचं पाणी पडलं, मग इंजिनाचं, मग थोडं थांबून तोटी करकरली आणि शेगडीचं.